मासा कापायची कुसुमअक्काची रीत

अक्का, तुझ्या तेराव्याला तुझे व्याही कन्नडहून आले, पंगत बसायच्या आधी उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "अशी बाई पुन्हा होणं नाही. घरात कधी अंडं येऊ दिलं नाही. या माउलीच्या हाताला आयुष्यात मासळीचा वास लागला नाही."

मी दुसऱ्या रांगेत होते. शेजारी आपली कमल. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. ती हसत होती की रडत होती, हे तिला स्वतःलाही सांगता येत नाही; मी नंतर विचारलं. आपल्या महिला गटातल्या आम्ही सहाजणी तिथं बसलो होतो. सहाजणींना मासा हातात कसा धरायचा हे तू शिकवलंस, आणि सहाहीजणी खाली मान घालून पत्रावळीतल्या बुंदीकडे बघत राहिलो.

मला संताप आला. व्याह्यांचा नाही. त्यांना जे सांगितलं गेलं ते त्यांनी खरं मानलं, त्यात त्यांचं काय चुकलं? तुझा आला. मेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात. का चिडू नये? तू गेलीस म्हणून तुझा खोटेपणा सोवळा होतो का?

त्या दिवशी सगळे तुला प्रेमळ म्हणाले, कष्टाळू म्हणाले, हसतमुख म्हणाले. हे तीन शब्द पुंडलिकनगरात कुठल्याही बाईच्या तेराव्याला चालतात. तळहाताएवढ्या चिलापी माशाचे दोन बिनकाट्याचे तुकडे, मागं काट्यावर मांसाची एक चिंधीही न राहता, असे काढणारी बाई मी एकच पाहिली. ते कुणी बोललं नाही. मीही नाही.

तुला आठवतं, आपलं काम सुरू झालं तेव्हा माझ्याकडे एक वही होती आणि तुझ्याकडे एक विळी. लोकांना नाथसागर धरणातला ताजा मासा हवा असतो, पण घरात खवले उडायला नको असतात, हे मी हेरलं होतं. मुकुंदवाडीच्या बाजारातून मासा आणायचा, माझ्या मागच्या अंगणात साफ करायचा आणि दुपारच्या आत घरोघर पोचवायचा. मी फोनवरच्या मागण्या लिहायची, तू कापायचीस. सोपं होतं. अवघड मी केलं, सुरी आणून.

पहिली सुरी जाड पात्याची, वीतभर लांब. तू ती उलटसुलट करून पाहिलीस. "शैले, मासा कापायचाय का बोकड?" मी तरी हट्टानं बसले. पहिल्या चिलापीचा मी चिखल केला. मग मी दुसरी आणली, खास माशाची म्हणून विकतात ती, लांब आणि लवचीक. ती मोठ्या रोहूला ठीक होती, पण हाताएवढ्या माशात घातली की टोक पलीकडून बाहेर यायचं. माझ्या बोटाला तीन टाके पडले. तू हळद दाबत म्हणालीस, "माशाच्या रुंदीपेक्षा सुरी लई लांब असली की ती मासा सोडून आपल्याला कापती. हे तुझ्या वहीत लिही."

मी लिहिलं. रागानं लिहिलं, पण लिहिलं.

तिसरी सुरी तुझी. भाऊजी चिकलठाण्याच्या वर्कशॉपमध्ये होते, तिथून त्यांनी लोखंड कापायच्या करवतीचं झिजलेलं पातं आणलं. धारवाल्याकडून तू त्याचे दाते घासून काढून घेतलेस, एका बाजूला टोक करून घेतलंस आणि धरायच्या बाजूला दोन लाकडी चिपा ठेवून वर सायकलची ट्यूब गुंडाळलीस. बोटाएवढं रुंद, पोस्टकार्डासारखं वाकणारं. चहाच्या कपाच्या बुडाला जी खरखरीत कडा असते तिच्यावर दोनचारदा ओढलं की धार तयार. काम झालं की पुसून तेलाचं बोट, नाहीतर दुसऱ्या दिवशी गंज. मी दोन दुकानं आणि अख्खं इंटरनेट पालथं घालून जे आणू शकले नाही, ते तू भंगारातून केलंस. याचाही मला तेव्हा राग आला होता, सांगून टाकते.

पण सुरी आली म्हणून तू विळी सोडली नाहीस, आणि तिथं आपलं भांडण जुंपलं. मला सगळ्या माशांना एकच पद्धत हवी होती. एक पाट, एक सुरी, एक क्रम. तू ऐकेनास. बोटाएवढी बारीक मासळी असली की तू पाय मुडपून विळीवर बसायचीस. "सुरीला एक हात लागतो आन् एकच हात उरतो. विळी पायाखाली, दोन्ही हात माशाला. बारीक मासा एका हातात राहतो का? साबण हाय तो." हाताला राख लावायचीस, ती बुळबुळ धरून ठेवते म्हणून. गॅसच्या शहरात राख कुठून आणायची, तर तू नानच्या तंदूरवाल्या चाचांना गाठलंस. ते रोज डबाभर काढून ठेवायचे. "आपा, आज की राख गरम है, हात संभालो." तुझ्यासाठी नान कधी फुकट दिली नाही त्यांनी, राख मात्र चाळून द्यायचे.

तळहाताएवढ्या माशाला सुरी. मासा आधी बर्फात, कारण कोमट मासा फाटतो, कापला जात नाही. कल्ल्यामागं, पुढच्या पराच्या मागून तिरपी चीर, मधला काटा लागेपर्यंत. तिथं सुरी आडवी करायची आणि काट्यावर झोपवून शेपटीकडे न्यायची. डावा तळवा माशावर सपाट, खाली सुरी कुठं चालली ते तळव्याला कळतं. आणि गप्प बसायचं. तू सगळ्यांना गप्प करायचीस. "काट्याचा आवाज ऐका." खरंच टिक टिक यायचा, पातं एकेका काट्यावरून जाताना. "आवाज थांबला की समजा, मांस काट्यालाच ठेवून आलात." कमलला तो आवाज यायला दोन महिने लागले. मला तो अजून नीट येत नाही. शेवटी तुकडा उलटा, कातडीचं टोक मीठ लावलेल्या बोटांनी धरून कातडी ओढायची, सुरी जागीच ठेवायची. मधल्या रेषेतले बारीक काटे बोटानं चाचपून दोन तिरक्या चिरांनी पट्टीच काढून टाकायची.

हे सगळं मी मान्य केलं. एक गोष्ट शेवटपर्यंत केली नाही.

मी लिहिलेल्या क्रमात पहिली पायरी होती, पोट साफ करणे. तू ती दर वेळी माझ्या समोर पेनानं खोडायचीस. "बिनकाट्याचे तुकडे काढायचेत ना? मग पोट उघडायचंच नाय. वरूनच दोन्ही बाजू काढून घ्यायच्या, पोट तसंच फेकायचं."

"अक्का, स्वच्छता म्हणून काही आहे की नाही?"

"उघडलं तर घाण बाहेर येती. न उघडता कुठून येईल? पित्त फुटलं तर कडू कोण होईल, तू का मी?"

"पण शिस्त म्हणून..."

"शिस्त तुझ्या वहीत ठेव. माझ्या माशात नको."

पोटाकडचा पातळ तुकडा वाया जायचा, हा माझा मुद्दा होता आणि तो बरोबर होता. तू त्यावर कधी उत्तर दिलं नाहीस. नुसती खोडायचीस. तुझ्या शेवटच्या आठवड्यातसुद्धा आपण यावरून दोन दिवस अबोला धरला होता. तो मीच मोडला, हे लक्षात असू दे.

आता त्या खोट्याकडे येते.

चार वर्षांपूर्वी तुझ्या लेकीच्या, मनीषाच्या सोयरिकीची बैठक तुझ्या घरी होती. मी तुझ्या शेजारी. विहीणबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ, स्वच्छ डोळे, सरळ प्रश्न. "तुमच्यात मांसमच्छी चालते का हो?" तू क्षणभरही थांबली नाहीस. "नाय बाई. आमच्याकडं अंडंसुद्धा येत नाय." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी, जिच्या अंगणात त्या क्षणी दोन पेट्या बर्फ आणि तुझी राख पडलेली होती, ती मी म्हणाले, "हो ना. लई कडक आहेत त्या."

एवढं सहज खोटं मी आयुष्यात दुसऱ्यांदा बोललेले नाही. पोरीला चांगलं घर मिळत होतं. पोरगा शिकलेला, शेती पाण्याखालची, माणसं गोड. तू रात्रंदिवस जिथं काम करायचीस ते घर माझं, पत्ता माझा, नाव गटाचं. कुणाला कळणार होतं?

मग सुरू झाली आपली सर्कस. विहीणबाई येणार म्हटलं की तुझी विळी टोपलीत झाकून माझ्याकडे. लिंबाच्या साली, बेसन, कडुलिंबाचा साबण, असं करत कोपरापर्यंत हात घासायचीस. एकदा त्या न सांगता आल्या. तू माझ्या अंगणातून थेट पदर सारखा करत घरी पळालीस, मी मागून. त्यांनी तुझ्या केसातून काहीतरी चिमटीत धरून काढलं आणि उजेडात बघितलं. चिलापीचा खवला. "हे काय हो?"

"चमकी," तू म्हणालीस. "साडीची. लई गळती बघा."

साडी सुती होती. चमकीचा पत्ता नव्हता. त्यांनी खवला झटकून टाकला, आणि आपण दोघी त्या गेल्यावर ओट्याला धरून हसलो. आज हसू येत नाही. आज वाटतं, तेव्हाच सांगून टाकलं असतंस तर काय आकाश कोसळलं असतं?

तेराव्यानंतर चार दिवसांनी मी एक कागद लिहायला घेतला. गटात नव्या बायका येणार आहेत, त्यांना शिकवायला तू नाहीस. म्हणून सगळी रीत क्रमानं लिहून, वर प्लॅस्टिक चढवून मोरीच्या वर टांगायची असं ठरवलं. कोणत्या माशाला विळी, कोणत्याला सुरी, पातं किती रुंद, आवाज कसा ऐकायचा. आणि सर्वांत वर तुझं पूर्ण नाव. ज्या बाईनं ही रीत बसवली तिचं नाव वर नको का? व्याह्यांच्या भाषणाला माझं तेवढंच उत्तर होतं.

तेवढ्यात मनीषा आली. माहेरचं घर आवरायला आठ दिवस राहिली होती. तिनं तो कागद वाचला आणि तिचा चेहरा उतरला.

"मावशी, नाव नका टाकू."

"का?"

"कुणीतरी फोटो काढंल. फिरत फिरत कन्नडला येईल. आन् आईची ती सुरी पण कुठंतरी टाकून द्या ना."

मग मी बोलले, अक्का. जे तुला बोलायचं होतं ते सगळं तुझ्या लेकीला बोलले. म्हटलं, तुझ्या आईनं पाच वर्षं या पाटावर पाठ मोडून घेतली, आणि मेल्यावर तिचे हात कधी माशाला लागलेच नाहीत असं लोकांनी म्हणायचं? आम्ही सहाजणींनी ऐकून घ्यायचं? आणि वर तिची सुरी टाकायची? तुला लाज वाटते का तिची?

ती रडली नाही. तुझ्यासारखीच हनुवटी वर करून म्हणाली, "लाज नाय वाटत. पण आई ते खोटं माझ्यासाठी बोलली. ते माझं हाय. तुमचं नाय."

मी चहा ठेवला.

चहा घेताना तिनं जे सांगितलं ते तू मला तीन वर्षांत सांगितलं नाहीस.

तुला आठवत असेल, आधी आपण नुसता साफ केलेला मासा द्यायचो, काट्यासकट. तीन वर्षांपूर्वी एके दिवशी तू आलीस आणि म्हणालीस, "आपण बिनकाट्याचे तुकडे काढू. लहान पोरं, म्हातारी माणसं घेतील." मी लगेच वहीत लिहिलं, तुझी पाठ थोपटली, गटाच्या बैठकीत तुझ्या धंद्याच्या डोक्याचं कौतुक केलं. भाऊजींकडून करवतीचं पातं तू त्याच आठवड्यात मागवलंस.

मनीषाला तेव्हा तिसरा महिना होता. तिला काही पचत नव्हतं आणि मासा खावासा वाटायचा. तिनं फोनवर रडत सांगितलं. सासरी तर विषयच नव्हता. मग तू कन्नडच्या आठवडी बाजाराच्या दिवशी एसटीनं जायचीस. ती भाजीला म्हणून बाजारात यायची. स्टँडच्या मागच्या बाकावर दोघी बसायच्या. डब्यात ज्वारीचं पीठ लावून तळलेले तुकडे, चपटे, पिवळे, गार. कुणी ओळखीचं थांबून विचारलं, काय खाताय, तर तू म्हणायचीस, "बटाट्याच्या काचऱ्या. घ्या ना." कुणी घेतल्या नाहीत, नशीब!

"काटा एक जरी निघाला असता, मावशी," मनीषा म्हणाली, "तर थुंकायचा कुठं? त्या बाजारात मला सगळे वळखतात. आन् वास. आई म्हणायची, पोट फोडलं की वास मांसाला लागतो, हाताला लागतो, डब्याला लागतो. न फोडता काढलं तर लिंबानं जातो."

मी कप खाली ठेवला.

अक्का, मी तुला तीन वर्षं शिस्त शिकवत होते! मी तुला वाया जाणाऱ्या तुकड्यावरून ऐकवत होते! आणि तू नुसती पेनानं खोडत होतीस. एकदा, फक्त एकदा म्हणायचं होतंस, शैले, पोरीला खायला न्यायचाय, वास नको. मी स्वतः तुझ्याबरोबर एसटीत बसले असते. डब्याला दुहेरी झाकण शोधून आणलं असतं. मला खोट्याला साक्षीदार म्हणून बसवलंस ते चाललं, पण डब्याच्या वेळी मी परकी? बैठकीत "लई कडक आहेत" म्हणणारी मी विश्वासाची होते, मग स्टँडवर का नाही?

मला वाटतं तू मला ओळखून होतीस. मी ते वहीत लिहिलं असतं.

त्या संध्याकाळी मी कागदावरची पहिली पायरी खोडली. "पोट उघडू नये" असं लिहिलं. वरची नावाची जागा कोरी ठेवली. मनीषाचं खोटं उघड करायचा हक्क मला नाही, हे पटलं; आवडलं नाही. आणि हा लेख इथपर्यंत लिहून काढला, तुला सुनावण्यासाठी, आणि छापायच्या आधी तिला दिला. तिनं माझ्या स्वयंपाकघरात बसून सावकाश वाचला. वाचून झाल्यावर कागद मागितला, पेन मागितलं आणि कोऱ्या जागेत तुझं नाव लिहिलं. तुझं, भाऊजींचं, आडनाव, सगळं. तिचं अक्षर वाईट आहे. ओळ वर चढली आहे. मी पुन्हा लिहून काढणार नाही.

"मला चार दिवस द्या," ती म्हणाली. "घरी मी सांगते. कागदावरून कळायला नको." सुरी टाकायचं पुन्हा बोलली नाही. ती नेलीही नाही. कमल वापरते.

पाचव्या दिवशी फोन आला, तो मनीषाचा नव्हता. विहीणबाईंचा.

"शैलाबाई, बैठकीत मी विचारलं तवा 'लई कडक आहेत' असं कोण म्हणलं होतं?"

"मी."

"बरं. कबूल तरी करता. आमच्या घरात मासा येणार नाय, ते आधी सांगून ठेवते."

"हो."

"पण दोन जिवांची सून माझ्या गावात, स्टँडच्या मागं, आईच्या पदराआड तोंड लपवून जेवली. माझ्या घरी तिला असं वाटावं? मला एका शब्दानं कुणी विचारलं? मी काय खाल्लं असतं का तिला? आन् ह्यांनी तर चारचौघांत उभं राहून भाषण केलं. आता मी भांडू कुणाशी? सांगा तुम्ही. सुनेला काय बोलायचं, लेकराची आई ती. आन् जिच्याशी भांडायचं ती बाई बसलीय जाऊन वर, निवांत!"

त्यांचा आवाज फाटला होता. मला इतक्या दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं. तुझ्या तेराव्याला सगळे तुझं गुणगान करत होते. तुझ्यावर माझ्याइतकं चिडलेलं कुणीतरी आता भेटलं होतं.

म्हणून मी त्यांना सांगितलं, आणि तुलाही सांगून ठेवते, अक्का. मी म्हणाले, "विहीणबाई, रांगेत या. माझं भांडण आधीचं आहे."